बेघरांची विचारपूस

शेवटची एस. टी. गाडी निघून गेली म्हणजे स्थानक रिकामे झाले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्यानंतरच काही माणसे तेथे येतात. कोणी फलाटाच्या कोपऱ्यात पोते अंथरतो, कोणी बाकाशेजारी बोचके ठेवून त्यावरच डोके टेकतो. पहाटेची पहिली गाडी लागण्यापूर्वी ही माणसे उठून गेलेली असतात. त्या स्थानकावरून दिवसभर ये-जा करणाऱ्या शेकडो प्रवाशांना त्यांचा पत्ता नसतो. बहुतेक सरकारी नोंदवह्यांनाही तो नसतो. कारण नोंद करावयाची म्हटले की पहिला रकाना पत्त्याचाच असतो.

अशा माणसांची मोजणी करण्यासाठी जनगणनेत एक वेगळी रात्र राखून ठेवलेली असते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक पदपथ, रेल्वेचे फलाट, उड्डाणपुलांखालच्या जागा, देवळांचे मंडप आणि रस्त्याकडेला पडलेले सिमेंटचे मोठे नळ यांपाशी गेले. या प्रगणकांत शिक्षकांची संख्या मोठी होती. त्या रात्री देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर असल्याची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत, तर ८ लाख ३५ हजार खेड्यांत होती. महाराष्ट्रातील संख्या २ लाखांहून अधिक होती. २००१ च्या तुलनेत खेड्यांतील बेघरांची संख्या घटली, परंतु शहरांतील वाढली. बेघरपणा हा केवळ महानगरांचा प्रश्न नाही, हेही या आकड्यांवरून दिसून येते.

मोजणीच्या रात्री बेघर माणसाला त्याचे नाव विचारले गेले. एरवी त्याला नाव कोण विचारतो? निवारा, अन्न, औषध आणि काम या सर्व गोष्टी त्याला हव्याच आहेत. त्या पुरविणे हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. परंतु या गोष्टी त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी कोणीतरी थांबून त्याची विचारपूस करावी लागते. ही विचारपूस कोणत्याही योजनेच्या तरतुदीतून येत नाही. ती एका माणसाने दुसऱ्या माणसाशी केलेल्या वागणुकीतून येते. म्हणूनच ती सुद्धा शिकण्याची आणि शिकविण्याची गोष्ट आहे.

बेघर कोण?

बेघर म्हणजे भिकारी, हे समीकरण चुकीचे आहे. शहरातील बेघरांत हमाल, बिगारी, कागद-काच-पत्रा वेचणारे, लग्नसराईत वाढप्याचे काम करणारे आणि हातगाडी ओढणारे असे कष्टकरी पुष्कळ असतात. त्यांच्या हाताला काम असते, पण मिळणाऱ्या मजुरीत खोलीचे भाडे भागत नाही. काम जेथे मिळते तेथून दूर राहणेही परवडत नाही. मोठ्या रुग्णालयांच्या भिंतीलगत परगावाहून आलेले रुग्णांचे नातलग आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. घरातून बाहेर पडावे लागलेले वृद्ध, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रिया, घर सोडून आलेली मुले आणि मनोविकाराच्या झटक्यात गाव सोडून चालत सुटलेली माणसे यांचाही या समूहात समावेश होतो.

ग्रामीण भागात चित्र निराळे आहे. ऊसतोडणी कामगार, वीटभट्टीवरील व कोळसा पाडणारी कुटुंबे वर्षातील काही महिने खोपीत किंवा उघड्यावर काढतात. भटक्या व विमुक्त समाजांतील अनेक कुटुंबांचे घर म्हणजे पाल. गावाबाहेरच्या माळावर चार काठ्यांवर कापड ताणले की संसार मांडला जातो आणि गावकऱ्यांनी हटकले की तो गाढवावर किंवा डोक्यावर लादून पुढे न्यावा लागतो. या प्रत्येकाचे दुःख वेगळे, गरज वेगळी आणि म्हणून उपायही वेगळा. तो कोणता, हे ज्याच्या त्याला विचारल्यावाचून कळत नाही.

एका महिन्यातील दोन घटना

विचारपुशीच्या अभावी काय घडू शकते, याचे अत्यंत दुःखद उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण भिक्षा मागण्यासाठी तेथे आले होते. त्यांच्या कुटुंबांची पाले पिंपळनेर परिसरात पडली होती. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरील संदेशांतून सर्वत्र पसरली होती. जमावाने संशयावरून या पाचही जणांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच त्यांचा जीव घेतला.

ज्या वास्तूत गावच्या जन्ममृत्यूची नोंद होते, जेथे परक्या माणसाने आसरा मागावा, तीच वास्तू त्यांच्या मृत्यूचे ठिकाण ठरली. ‘तुम्ही कोठले, पाल कोठे पडले आहे, बरोबर कोण आहे?’ हे प्रश्न जमाव जमण्यापूर्वी एखाद्या शांत माणसाने विचारले असते, पोलीस पाटलाला वेळीच बोलाविले गेले असते आणि पिंपळनेरला एक निरोप गेला असता, तर उत्तरे तासाभरात मिळण्यासारखी होती. गावाबाहेरून आलेला, अंगावर मळके कपडे असलेला, पत्ता नसलेला माणूस दिसताच मनात प्रथम संशय उत्पन्न होतो. या संशयाला विचारपुशीची सवय नसेल, तर तो कोणत्या थरास जाऊ शकतो, हे राईनपाड्याने दाखविले.

त्याच जुलै महिन्याच्या अखेरीस दुसरी वार्ता आली. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. त्यांच्या कार्याचा आरंभ तीस वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगात होता. १९८८ च्या सुमारास मनोविकारतज्ज्ञ असलेल्या वाटवानी दांपत्याला मुंबईत रस्त्यावर एक अस्ताव्यस्त तरुण दिसला. तो नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पीत होता. रोज असंख्य माणसे अशा दृश्यावरून नजर वळवून पुढे जातात. हे दोघे थांबले. त्याच्याशी बोलून त्याला ते आपल्या दवाखान्यात घेऊन गेले व त्याच्यावर उपचार सुरू केले. तो बरा होऊ लागला, तेव्हा त्याची ओळख पटली. तो विज्ञानाचा पदवीधर होता, वैद्यकीय प्रयोगशाळेच्या कामाची पदविकाही त्याने घेतली होती आणि त्याचे वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेच्या सेवेत होते. घरच्यांनी शोध घेऊनही न सापडलेला मुलगा त्यांना परत मिळाला.

या प्रसंगातून उभ्या राहिलेल्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने पुढे रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे केंद्र उभारले. रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना उपचारानंतर देशाच्या कानाकोपऱ्यांतील त्यांच्या घरी पोहोचविण्याचे कार्य या संस्थेने केले आहे. राईनपाडा आणि कर्जत या दोन्ही ठिकाणी समोर अनोळखी माणूसच होता. फरक पडला तो त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या वर्तनात.

गाडगेबाबांचा धडा

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी आपले घरदार सोडून उभे आयुष्य फिरतीत घालविले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि मडक्याचे खापर या वेषामुळे अनोळखी गावात त्यांनाही वेडा किंवा भिकारी समजले जाई. निवारा नसलेल्या माणसाला काय सोसावे लागते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणूनच पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधविल्या. स्वतःसाठी मात्र त्यांनी झोपडीही बांधली नाही.

त्यांच्या धर्मशाळांच्या जागा पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. माणसे जेथे खरोखरच उघड्यावर पडत, तेथेच त्या उभ्या राहिल्या. पंढरपुरात ज्यांना इतरत्र थारा मिळत नसे, त्या समाजाच्या यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. बाबांनी प्रथम माणसे पाहिली, त्यांची अडचण ओळखली आणि मग बांधकाम हाती घेतले. भुकेलेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र यांच्या बरोबरीने बेघराला आसरा देणे हा त्यांच्या शिकवणीतील रोकडा धर्म होता.

कायद्याची साथ

करुणा ही व्यक्तीची वृत्ती असली, तरी तिला आज कायद्याचे पाठबळ आहे. मुंबईतील पदपथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी दिलेल्या निकालात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मानले. अतिक्रमण हटविण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. परंतु माणसाला त्याच्या निवाऱ्यातून काढताना सूचना देणे व त्याचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक आहे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

मुंबई राज्यात १९५९ साली झालेला भिक्षा प्रतिबंधक कायदा पुढे दिल्लीतही लागू करण्यात आला होता. भीक मागणे हा गुन्हा ठरविणाऱ्या त्यातील तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. दारिद्र्याला गुन्हा मानता येत नाही, हा त्या निकालाचा आशय होय.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने तर प्रत्यक्ष कर्तव्यच नेमून दिले आहे. मनोविकाराने पीडित व स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ वाटणारी व्यक्ती भटकताना आढळल्यास पोलिसांनी तिला संरक्षणात घ्यावे, चोवीस तासांच्या आत जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत न्यावे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवू नये, असे हा कायदा सांगतो. अशी व्यक्ती बेघर असल्यास बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे, हीही पोलीस ठाण्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. ज्याला ही तरतूद माहीत आहे, तो शिक्षक किंवा पंचायत सदस्य पोलीस ठाण्यात आत्मविश्वासाने बोलू शकतो.

शहरांतील निवाऱ्यांविषयी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने मानक घालून दिले : दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय असलेला, बारा महिने चोवीस तास खुला असणारा एक निवारा. तथापि निवारा बांधला म्हणजे तो भरतोच असे नाही. कुटुंबाची ताटातूट होणार असेल, बोचके ठेवण्यास सुरक्षित जागा नसेल, पहाटेचे काम जेथे मिळते तो नाका दूर असेल, तर माणूस पदपथच पसंत करतो. त्याला ‘हेकट’ म्हणून सोडून देणे सोपे असते. त्याने नकार का दिला हे विचारले, तर निवाऱ्यात कोणती सुधारणा हवी, याचे उत्तर त्याच्याकडूनच मिळते.

भेट कशी घ्यावी?

बेघर व्यक्तीशी बोलावे कसे, याची काही साधी पथ्ये आहेत. झोपलेल्या माणसास, विशेषतः स्त्रीस, एकदम हलवून जागे करू नये. बॅटरीचा प्रकाश तोंडावर टाकू नये. रात्रीच्या अंधारात हटकले जाण्याचा त्यांचा अनुभव बहुधा वाईटच असतो. उभ्याने, वरून खाली पाहत प्रश्न विचारण्याऐवजी शेजारी बसावे. प्रथम आपले नाव सांगावे, मग त्याचे विचारावे. वयाने मोठ्या माणसास ‘बाबा’, ‘मावशी’, ‘आजी’ असे मानाने संबोधावे. ‘ए’ आणि ‘अरे’ ही भाषा टाळावी. स्त्रीशी बोलावयाचे असल्यास अंगणवाडी सेविका, आशा सेविका अथवा अन्य स्त्री कार्यकर्ती सोबत असावी. घोळका करून जाऊ नये.

पहिल्या भेटीत जातपात, पूर्वायुष्य, घर सोडल्याचे कारण असे प्रश्न काढू नयेत. ‘जेवण झाले का? अंगात ताप वगैरे नाही ना? रात्री त्रास होतो का?’ एवढे पुरे. उत्तर मिळाले नाही तरी रागावू नये. पुष्कळ दिवस कोणी न बोललेल्या माणसाला बोलण्यास वेळ लागतो. मनोरुग्णाच्या भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याची थट्टाही करू नये. त्याचे बोचके फेकून देण्याची चूक तर कदापि करू नये. इतरांना जे कचऱ्यासारखे दिसते, त्यात त्याचे कागदपत्र, औषधाची चिठ्ठी किंवा घरच्यांचे छायाचित्र असू शकते.

काही देताना विचारून द्यावे. थंडीच्या दिवसांत एकाच रस्त्यावर एका रात्री तीन मंडळे घोंगड्या वाटून जातात आणि त्याच माणसाच्या पायाची जखम चिघळत राहते, असे घडू शकते. देतानाचे छायाचित्र काढू नये. मदतीची जाहिरात झाली की घेणाऱ्याची मान खाली जाते. जे पाळता येणार नाही ते आश्वासन देऊ नये. ‘उद्या येतो’ असे म्हटले, तर उद्या जावेच. फसवणुकीची सवय झालेल्या माणसाचा विश्वास दुसऱ्या भेटीपासून सुरू होतो.

प्रत्येकाचा वाटा

मतदार यादीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. बेघर नागरिकाने नमुना क्रमांक ६ मध्ये आपली झोपण्याची जागा पत्ता म्हणून लिहिल्यास मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने तेथे रात्री जाऊन, एकाहून अधिक रात्री, तो खरोखरच तेथे झोपतो का याची खात्री करावयाची असते. खात्री पटल्यास निवासाचा वेगळा कागदोपत्री पुरावा लागत नाही. हे काम पुष्कळदा शिक्षकांकडे असते. दोन रात्री केलेली ही फेरी पदपथावरील माणसाला नागरिक म्हणून मान्यता मिळवून देते. कार्यालयीन काम आणि माणुसकी यांत येथे काही अंतर उरत नाही.

शिक्षकांच्या हाती आणखी एक साधन आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही. पालातील किंवा उसाच्या फडावरील मूल शाळेच्या दारात आले, तर प्रथम कागद न मागता त्याला वर्गात बसवावे. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे पुढील गावच्या शाळेत त्याची वाट मोकळी होते. वर्गातील इतर मुलांनी त्याला ‘पालातला’ म्हणून हिणवू नये, ही दक्षता मात्र कोणत्याही परिपत्रकाने घेता येत नाही. ती शिक्षकालाच घ्यावी लागते.

पंचायत सदस्यांनी गावाच्या माळावर पाल पडल्याचे कळताच स्वतः जाऊन भेटावे. किती कुटुंबे आहेत, कोठून आली, किती दिवस राहणार, याची नोंद घेऊन पोलीस पाटलास कळवावे आणि ग्रामस्थांनाही सांगावे. यामुळे अफवेला जागा उरत नाही. पिण्याच्या पाण्याची जागा दाखवावी, गरोदर स्त्रिया व लहान मुलांची माहिती आशा सेविकेस द्यावी. जी कुटुंबे गावात स्थायिक होऊ इच्छितात, त्यांना भटक्या-विमुक्तांसाठी असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेची माहिती द्यावी व ग्रामसभेत त्यांच्या बाजूने बोलण्याचे धैर्य दाखवावे. हे धैर्य मते मिळवून देत नाही, म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे.

अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयाच्या, स्थानकाच्या अथवा रुग्णालयाच्या आवारात झोपणाऱ्या माणसांना सुरक्षारक्षकामार्फत हुसकावण्यापूर्वी एकदा तरी स्वतः त्यांच्याशी बोलावे. अडचणीतील बालकासाठी १०९८, ज्येष्ठासाठी १४५६७ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक दर्शनी भागी लावावेत. क्रमांक फिरविल्यानंतर गाडी येईपर्यंत त्या व्यक्तीजवळ कोणीतरी थांबावे. मदत वाटेत तुटते ती बहुधा याच ठिकाणी : कळविणारा निघून जातो आणि येणाऱ्याला माणूस सापडत नाही.

शंका आणि उत्तर

अशा वागणुकीने आळशीपणाला उत्तेजन मिळते, अशी शंका घेतली जाते. बेघरांपैकी कित्येक जण पहाटेपासून राबत असतात, हे ज्याने त्यांच्याशी बोलून पाहिले आहे, त्याला ही शंका फार काळ छळत नाही. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. एका माणसाने एकाची विचारपूस करून लाखोंचा प्रश्न सुटणार कसा? तो सुटणार नाही, हे खरेच आहे. परवडणारी घरे, पुरेशी मजुरी, मनोरुग्णांसाठी उपचाराच्या सोयी आणि भटक्यांना हक्काची जमीन यांवाचून बेघरपणा हटणार नाही, आणि यासाठी सार्वजनिक निधीच लागेल. व्यक्तिगत करुणा ही त्या निधीला पर्याय नव्हे. परंतु निवाऱ्यात आलेल्या माणसाशी रखवालदार कसा बोलतो, दाखल्यासाठी आलेल्या पारध्याला कार्यालयात बसावयास सांगितले जाते की दारातूनच परत पाठविले जाते, यावर प्रत्येक योजनेचे यश अखेर अवलंबून असते. शिवाय रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी आजची रात्र थांबत नाही.

स्थानकावरून शेवटची गाडी आजही निघेल आणि फलाटाच्या कोपऱ्यात कोणीतरी पोते अंथरील. गावातील एखादा शिक्षक, एखादा सदस्य, एखादा अधिकारी त्या बाजूने जात असेल, तर त्याने क्षणभर थांबावे आणि नाव विचारावे. दुसऱ्या दिवशी त्याच नावाने हाक मारावी. दवाखाना, दाखला, निवारा यांची वाट तेथून पुढे सुरू होते.